डब्यातली गुंज

मी लहान मुलांचा डॉक्टर होतो, म्हणजे नगरच्या लोकांच्या मते मी अर्धवट डॉक्टर होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत डॉक्टर म्हणजे तापाचा, पोटाचा, गळवाचा, सगळ्याचाच. नुसता मुलांचा डॉक्टर हा काय प्रकार, हे कुणाला उमगेना. पाटी लावली त्याच आठवड्यात श्रीगोंद्याकडचे एक म्हातारबाबा दवाखान्यात डोकावले आणि मोठ्या मायेने म्हणाले, "मोठ्या मानसापत्तूर शिकायचं ऱ्हायलं व्हय? व्हईल, व्हईल. अजून वय हाय तुमचं."

त्यातून मला एक खोड होती. मूल आजारी पडल्यावर बरं करण्यापेक्षा ते मुळात भाजू नये, बुडू नये, गुदमरू नये म्हणून मी गावभर ओरडत फिरे. विहिरीला कठडा दिसला नाही की मालकाशी भांडण. कुणाकडे जेवायला गेलो तर पाटावर बसायच्या आधी रॉकेलची बाटली कुठे ठेवलीय ते बघायला मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात! आमची मार्था, म्हणजे माझी बायको, एकदा शांतपणे म्हणाली, "अहो, हल्ली आपल्याला कुणी जेवायला बोलवत नाही. का बरं असेल?"

हे वेड उगाच नव्हतं. दवाखाना नवा असताना एक शेतकरी बैलगाडीतून दोन वर्षांचा मुलगा घेऊन आला होता. खेळता खेळता शेंगदाणा श्वासनलिकेत गेला होता. मी हात लावला तेव्हा सगळं संपलेलं होतं. बाप रडला नाही. त्याने चिमटीने नुसतं माप दाखवलं आणि म्हणाला, "येवढासा शेंगदाना हुता वो, डाक्टर." ती चिमूट मी आजतागायत विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मला कुठलीच लहान वस्तू लहान वाटली नाही.

म्हणून मी तो डबा केला. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, आत कापसाची गादी आणि गादीवर मुलांच्या नाकाकानांतून नि घशांतून मी स्वतः काढलेला ऐवज : चिंचोका, सदऱ्याचं बटण, बोरमाळेचा मणी, भोकाचा पैसा आणि मधोमध लालभडक गुंज. (बायका दागिने दाखवतात त्या थाटात मी हा डबा पाहुण्यांना दाखवत असे. पाहुणे येईनासे झाले त्याला हेही एक कारण असावं.)

एका रविवारी केडगावच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावलं. उपासनेनंतर लिंबाखाली सगळी मंडळी बसतात, तेव्हा आयाबायांना चार शब्द सांगा म्हणाले. मला भयंकर पडसं झालं होतं. नाक इतकं चोंदलेलं, की स्वतःला नाक आहे हेसुद्धा आठवून बघावं लागे. मार्था म्हणाली, "आज राहू द्या." मी म्हणालो, "अपघात काय माझ्या पडशासाठी थांबणार आहेत?" झालं! मार्था, चार वर्षांची आमची सुमी, डबा आणि मी, असे टांग्यात बसून निघालो.

व्याख्यान झकास रंगलं. पुढे मुलं, मागे बाया, कडेला पुरुष. सुमी अगदी माझ्या पायाशी, डब्याला टेकून. मी गुंज उचलली. "ही दिसते गोजिरवाणी," मी म्हणालो, "पण आख्खी गिळली तर एक वेळ निघून जाईल, चावली तर विष! यावर माझ्याकडेसुद्धा औषध नाही." बायांनी पदर तोंडाला लावले. मला आणखी जोर चढला. "आणि मूल काय करतं? असं चिमटीत धरतं, असं नाकाशी नेतं..."

नेमक्या त्याच वेळी कुणाच्या तरी शेळीने पाळकसाहेबांच्या मागे ठेवलेल्या हारात तोंड घातलं. (तो हार माझ्या गळ्यात पडायचा होता!) एकच गिल्ला झाला. मीही दचकलो, हातवारे करून शेळीला हाकललं आणि थेट पुढच्या मुद्द्यावर, म्हणजे विहिरीच्या कठड्यावर आलो.

शेवटी डबा आवरायला घेतला तर गादीच्या मधोमध नुसताच खळगा. गुंज नाही!

डबा कुणाजवळ होता? सुमीजवळ. मी तिला बखोटीला धरून उचललं. "सुमी, आ कर!"

"पपा, गुंज ना..."

"बोलू नकोस! बोललीस तर आत जाईल. आ!"

तोंडात काही नाही. नाकात बॅटरीचा उजेड टाकला, काही नाही. म्हणजे गिळली! आख्खी की चावून? मी तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. ती उलट्या स्थितीतही काही तरी सांगत होती, पण उलट्या माणसाचं कोण ऐकतो?

"अहो, तिला बोलू तर द्या," मार्था म्हणाली.

"ही बोलायची वेळ आहे का? मीठ आणा! मिठाचं पाणी!"

सुमीला मिठाचं पाणी पाजलं. सकाळची पोळी बाहेर आली, गुंज आली नाही. ती भोकाड पसरून रडू लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर ती चिमूट उभी राहिली. येवढासा शेंगदाना हुता वो, डाक्टर. सगळ्या मुलखाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची पोर, त्याच्याच डब्यातल्या बीने!

मग वाटलं, दुसऱ्या एखाद्या पोराने घेतली असेल तर? मी ओरडलो, "सगळ्या मुलांना रांगेत उभं करा!" एकेकाच्या नाकात उजेड टाकत सुटलो, आणि काय सांगू! एकाच्या नाकात लिंबोळी, दुसरीच्या हरभरा, तिसऱ्याने तर सदऱ्याची बटणं तोडून दोन्ही नाकपुड्यांत घातलेली. चिमट्याने एकेक काढता काढता मला घाम फुटला.

"आरं, ह्ये कुनी शिकिवलं तुला?" एका आईने पोराच्या पाठीत धपाटा घालत विचारलं.

"डाक्टरनी!" पोरगं म्हणालं.

खरंच होतं. माझं व्याख्यान होईपर्यंत केडगावच्या पोरांना नाकाचा हा उपयोग ठाऊकच नव्हता.

गुंज मात्र कुणाकडेच नाही. मी चिमटा खाली ठेवला. तेव्हा सालूआजी म्हणून एक म्हातारी होती, ती जवळ आली. कनवटीची तपकिरीची डबी काढून म्हणाली, "डाक्टर, जरा दमानं घ्या. नाकात वर चढली आसंल तर हिनं शिंका येत्यात, यील भाईर. लई जहाल हाय."

"चार वर्षांच्या मुलीला तपकीर?" या अवस्थेतही माझ्यातला डॉक्टर जागा होता. "आधी किती जहाल आहे ते मी बघतो."

मी चिमूटभर घेऊन नाकाला लावली. चोंदलेल्या नाकात ती कशीबशी शिरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफा आणि एकामागून एक अशा शिंका सुरू झाल्या की लिंबावरचे कावळे उडाले. शेवटच्या शिंकेला माझ्या नाकातून काही तरी लाल सुटलं आणि पाळकसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र डगल्यावर टप्पकन जाऊन आपटलं.

गुंज!

मग रडून लाल झालेली सुमी मुसमुसत म्हणाली, "मी मघापासून तेच सांगत होते. शेळी आली तेव्हा गुंज तुमच्याच नाकात गेली. तुम्ही ऐकतच नाही!"

पुढे केडगाव किती हसलं ते विचारू नका. शेळीसुद्धा चघळायची थांबली. मी मात्र हसलो नाही. सुमीला उचलून छातीशी धरलं आणि भर मंडळीत ढसाढसा रडलो. ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, "पपा, आधी नाक पुसा."

परतीच्या टांग्यात मार्था फक्त एवढंच बोलली, "व्याख्यान छान झालं हं. प्रात्यक्षिकासकट."

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी दवाखाना चालवला, गावोगाव व्याख्यानं दिली, कितीतरी विहिरींना भांडून कठडे बांधून घेतले. पण एक बदल केला. आईबाप घाबरून काही सांगू लागले की मी त्यांना थांबवायचो, खाली वाकायचो आणि आधी मुलालाच विचारायचो, "काय झालं रे बाळा? तू सांग." लोक म्हणत, डॉक्टरांची काय ही माया! माया होतीच. पण मूल सांगत असताना मी हळूच स्वतःचं नाकही एकदा चाचपून घेत असे.