न्यूट्रलमधला तो खडखडाट

काल संध्याकाळी नातू नवी स्पोर्ट्स कार घेऊन दारात आला. बुटकी, लालभडक, आत बसायचं म्हणजे जमिनीवर फतकल मारल्यासारखं… आणि पोराचं तोंड मात्र एवढंसं झालेलं.

का, तर गाडी न्यूट्रलला उभी राहिली की खालून खडखड येते. शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे, मित्र म्हणतात गिअरबॉक्स गेला. सकाळपासून मोबाईलवर अख्ख्या जगाला विचारत बसलाय, घरातल्या म्हातारीला विचारायचं सुचलं नाही मेल्याला!

मी म्हटलं, आधी मला आत बसव, मग सांगते. तेच इथं सांगतेय. मी बोलते आणि फोन लिहितो, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष होतं ते. तुळजापूर माझं सासर, आणि हे एका जहागीरदारांकडं ड्रायव्हर. माझं पहिलंच बाळंतपण… बाळ आडवं आलेलं. सुईणीनं हात टेकले आणि सासूबाईंना म्हणाली, सोलापूर गाठा, न्हायतर दोघंबी जातील.

मोठी मोटर घेऊन मालक हैदराबादला गेलेले. वाड्यावर राहिली होती ती धाकट्या मालकांच्या हौसेची, रेसची गाडी… दोन सीटची, वर टप नाही. धाकटे मालक म्हणाले, घेऊन जा, पण एकदा गरम झाली की बंद करू नको, बंद केलीस तर तासभर चालू व्हायची नाही. मी पुढं, हे स्टिअरिंगवर, आणि मागं डिकी उघडून जी इवलीशी सीट निघायची तिच्यात सासूबाई, मांडीवर गाठोडं घेऊन.

सोलापूर म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. वाटेत नाका. दिवस लई वाईट होते हो… चोरून बंदुका, काडतुसं इकडून तिकडं जायची, त्यामुळं प्रत्येक गाडी झडतीला थांबायची.

ह्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि खालून खडखड, खडखड सुरू. त्या गाडीचा तो रोजचाच आवाज. पण नाक्यावरच्या जमादाराचे कान उभे राहिले. खांद्याला बंदूक, मिशा भरघोस. म्हणाला, "नीचे क्या भरे?"

हे म्हणाले, कुछ नहीं साब, गेअर की आवाज है, घरवाली बीमार है. असं रोज दहा जण सांगत असणार त्याला. तो आवाज ऐकायला खाली वाकला… आणि इथं ह्यांनी घोळ घातला. घाबरून क्लच दाबला. आवाज गप्प!

जमादार उठला, ह्यांचा पाय सुटला, खडखड सुरू. तो परत वाकला, हे परत दाबून बसले, परत गप्प. आता तुम्हीच सांगा, त्याला काय वाटेल? वाकलं की दम धरतंय आणि उठलं की हलतंय… आत माणूसच लपलाय जणू!

त्यानं बंदूक हातात घेतली. "इंजन बंद करो. पत्रा खोलो."

पत्रे खोलून पुन्हा लागेपर्यंत सूर्य मावळला असता, आणि माझं काय झालं असतं ते देवीलाच ठाऊक. मागं सासूबाईंचं "आई भवानी, आई भवानी" चाललेलं.

हे खाली उतरले. हात जोडले. म्हणाले, "साब, बंद नक्को. आप बैठो. आप के पाव से दबाके देखो."

जमादार घुटमळला, कारण शेजारी मी. मग मान समोर ठेवून, माझ्याकडं चुकूनही न बघता, अंग चोरून बसला. ती अदब मी अजून विसरले नाही. ह्यांनी पेडल दाखवलं. त्यानं बूट दाबला… गप्प. सोडला… खडखड. परत दाबला. गप्प.

आणि त्यानं बूट सोडला, तेव्हाच मला अशी कळ आली की मी अख्खा नाका हादरेल अशी किंचाळले.

जमादार उडालाच! टोपी एकीकडं, बंदूक दुसरीकडं. "या अल्ला! मैं क्या दबाया?"

मागून सासूबाई ओरडल्या, "तुमी काय न्हाय दाबलं ओ! तिला कळा येत्यात!"

पुढचं मला अर्धवटच आठवतं. तो स्वतः धावत गेला, फाटक वर केलं आणि ओरडत राहिला, "जाओ भाई, जाओ! गाडी बंद नक्को करना!" हे हसत होते की रडत होते, देव जाणे.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना वाचवलं. तो मुलगा म्हणजे ह्या नातवाचा बाप.

पुढं राज्य गेलं, नाका उठला. त्या उलथापालथीत कितीतरी मुसलमान घरांवर वाईट वेळ आली. हे दोनदा नाक्याच्या जागी जाऊन आले, जवळच्या गावात विचारलं… जमादाराचं नावच ठाऊक नव्हतं, तर विचारणार तरी कसं? जिवंत राहिला की नाही, कळलंच नाही. त्याचं मला फार लागलं, अजून लागतं.

तर नातवाला म्हटलं, दाब क्लच. दाबला. गप्प. म्हटलं, ह्या गाड्या असंच बोलतात. दाबूनही खडखडली असती तर काळजी. पोराचा चेहरा खुलला आणि म्हातारीला त्रास नको म्हणून क्लच तसाच दाबून बसला.

मी म्हटलं, पाय काढ रे बाळा… ऐकू दे मला जरा.