कानाला तोंड लावून 'लांब ऱ्हा!'

इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या चिकन प्लँटमध्ये संध्याकाळपर्यंत कोंबडी एक उरत नाही, किस्से मात्र उरतात. त्यातही कोरोनातले तर अजून संपता संपत नाहीत! मी तेव्हा कटिंग लाईनची सुपरवायझर होते. म्हणजे माणसं आजारी पडली की बोलणी मी खायची.

त्या दिवसांत सगळ्यात घाबरलेला माणूस म्हणजे बारामतीचे रशीदचाचा. सुरीवर हात असा की बघत राहावं! त्यांच्या मुलीचा निकाह रविवारी होता. पॉझिटिव्ह आलं तर चौदा दिवस कोंडून घ्यायचं, म्हणजे लेकीच्या निकाहाला बापच नाही.

*

प्लँट बघायला डॉक्टरबाई आल्या. आत हाडं गोठवणारा गारठा, फरशी ओली, खिडकी एकही नाही. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, आणि मशिनच्या आवाजात जो तो ओरडतोय. "विषाणूला आणखी काय पाहिजे हो?" बाई म्हणाल्या.

निरवांगीचे तात्या तिथं मालाचं वजन करायचे. ते अदबीनं म्हणाले, "बाई, त्याला फकस्त चा द्यायचा ऱ्हायलाय!"

*

बाईंनी जाताना बजावलं, एकमेकांपासून लांब राहा. पण मशिनपुढं ऐकू कुणाला जातंय? तात्यांनी मास्क खाली ओढला, शेजारच्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडले, "लांब ऱ्हा!" शेजाऱ्यानं मास्क काढून पुढच्याच्या कानात तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निरोप सगळ्या लाईनीला पोचला. एकही माणूस सुटला नाही!

*

मग मॅनेजरनी दोन-दोन माणसांमध्ये प्लास्टिकचे पडदे लावले. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक पडद्याला तोंडाच्या उंचीवर एक भोक. माझा पारा चढला. "तात्या, हे कुणी केलं?"

"बोलल्याबिगर हात चालत न्हाय, मॅडम. पर भोक बारकंच पाडलंय!"

*

वास येत नसेल त्याला आत सोडायचं नाही, असं वॉचमनला सांगितलं होतं. गडी हुशार. वेगळं काही हुंगायला देण्यापेक्षा सरळ विचारायचा, "प्लँटचा वास येतोय का?"

दहा-दहा वर्षं तिथं काम केलेली माणसं! सगळी प्रामाणिकपणे म्हणाली, "न्हाय."

सकाळची अख्खी पाळी गेटाबाहेर. आत एकटे मॅनेजर, महिन्यापूर्वीच लागलेले, नाकाला रुमाल लावून.

*

शनिवारी सगळ्या लाईनीची तपासणी झाली. चाचा भिंतीला टेकून ओठातल्या ओठात दुआ पुटपुटत होते. पहिला रिपोर्ट त्यांचाच आला. निगेटिव्ह!

चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मास्क खिशात कोंबला आणि लाईनीतल्या एकेकाला कडकडून मिठी मारत सुटले. तात्यांना तर दोनदा! "उद्या लेकीला दुआ द्यायची समद्यांनी!" खरं सांगते, मलाही भरून आलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई उरलेल्यांचे रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कागदाकडं बघितलं, मग चाचांकडं. "चाचा, मिठी कुणाकुणाला मारली?"

चाचांनी हळूच खिशातला मास्क काढून तोंडावर चढवला.

"आधी पॉझिटिव्ह कोन कोन हाय ते सांगा, मग आठवतो!"