लीलाबाईची महागलेली म्हैस

लीलाबाईला मोबाइलवर शेतीचा खेळ लावून दिला तिच्या लेकीनं, तृप्तीनं, आणि पुढे पस्तावलीही तीच. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत धान कापून आलेली बाई हातपाय धुऊन पुन्हा शेतीच करायला बसते, याला काय म्हणावं! पण खरी जमीन लीलाबाईच्या नावावर वीतभरही नव्हती. खेळात सहा एकर होती, आणि तिचा तिला भारी तोरा होता.

त्या खेळात तिला म्हैस घ्यायची होती. खेळणारेच एकमेकांना माल विकत. म्हशीचा भाव तीन हजार नाणी. दोन महिने चिकटपणा करून तिनं अठ्ठावीसशे जमवली. तेवढ्यात दिवाळी आली, आणि कंपनीनं सगळ्यांनाच पाच-पाच हजार नाणी फुकट वाटली. लीलाबाई हरखली. दुसऱ्या दिवशी बाजारात पाहते तर म्हैस नऊ हजारांवर!

“तृप्ती, माहे पैसे वाढले, मंग म्हैस दूर कायले गेली वं?”

“सगळ्याइलेच भेटले न आई. पैसे वाढले, म्हशी तेवढ्याच. भाव चढन नाही तं काय?”

लीलाबाईनं कंपनीला चार शिव्या हासडल्या. मग तिचं लक्ष गेलं खेळातल्याच एका शेजाऱ्याकडे. त्यानं नाणी जमवलीच नव्हती, गव्हाची पोती जमवली होती. म्हैस आधी तीनशे पोत्यांना होती, आताही तीनशेलाच. त्यानं ती आरामात नेली. हे लीलाबाई विसरली नाही.

पुढच्या कापणीआधी जमीनमालक भैय्याजींनी तिच्या अकरा बायांच्या टोळीला बोलावलं. पिढ्यान् पिढ्या कापणीची मजुरी धानातच मिळायची, दिवसाला दोन कुडो. कुडो हे इकडचं जुनं माप. बाजारात दोन कुडोचे तेव्हा तीनशे तीस होत. भैय्याजी म्हणाले, “मोजमाप नको आता. पाच वर्षं रोज साडेतीनशे नगद. कागद करून देतो.”

बाया खूश. वीस रुपये जास्तीचे, तेही नगद! लीलाबाई मात्र उभीच राहिली.

“नगदच द्या भैय्याजी, पन ज्या दिवशी मजुरी, त्या दिवशीचा दोन कुडोचा भाव द्या. कागदावर तसंच लिवा.”

भैय्याजी हसले. “हे कोनं शिकवलं तुमाले?”

“एका म्हशीनं.”

टोळीतली मालनबाई तिच्यावर उखडलीच. “हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागून राहिली? मोबाइलातल्या म्हशीपायी आमचे वीस रुपये बुडवतं का?”

लीलाबाईलाही ते कळत होतं. चुकली तर अकरा घरांच्या ताटातलं जाणार होतं. तिनं खेळातली म्हैस आणि गव्हाची पोती बायांना जमतील तशी समजावली. कुणाला कळली, कुणाला नाही. पण आजवर तिनं टोळीला कधी फसवलं नव्हतं, म्हणून बायांनी तिचं ऐकलं. तृप्तीनं कागद लिहिला, आणि भैय्याजींनी हसतहसतच त्यावर सही केली.

पहिल्या वर्षी रोज तीनशे तीसच मिळाले. मालनबाई हंगामभर तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी साडेतीनशे झाले. मालनबाई बोलू लागली, पण तोंड वाकडं करूनच.

यंदा तिसरं वर्ष. कापणी आटोपली आणि बाया भैय्याजींच्या खळ्यावर जमल्या. आता भैय्याजी हसत नव्हते. त्यांनी पैशांची पिशवी उघडली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “लीलाबाई, आज दोन कुडोचा भाव काय म्हणता?”

जमिनीचा मालक मजुरिणीला भाव विचारत होता. लीलाबाईनं सांगायला तोंड उघडलं.

तिच्या आधी मालनबाईच पदर खोचून पुढे झाली. “तीनशे ऐंशी. आमच्या लीलाबाईनं तुमसरच्या बाजारात जाऊन इचारून आनला.”