आईच्या फोनमधली गावं

आईच्या फोनमधले नंबर मी एक्सेलमध्ये उतरवून घेतले. ती गेल्याचं नातेवाइकांना कळलं होतं. परभणीच्या गल्लीतल्या तिच्या जुन्या मैत्रिणी मात्र मुलांमागे गावोगावी गेलेल्या. त्यांना कोणीच कळवलं नव्हतं. वर्षश्राद्धाचं आमंत्रण तरी त्यांना घरी जाऊन द्यावं, असं ठरवलं.

एकीचंही नाव फोनमध्ये नव्हतं. बोरीची, सेलूची, गंगाखेडची धाकली, पाथरीची शिवणवाली, अशा नोंदी होत्या. मी एआयला लिहिलं: पहिला शब्द घे, त्याचं शेवटचं अक्षर काढ आणि गाव वेगळ्या रकान्यात दे. पहिल्या सूत्रानं ‘बोरीच’, ‘सेलूच’ एवढं उरलं. तसं सांगितल्यावर त्यानं खुलासा केला की संगणक ‘ची’ची दोन चिन्हं मोजतो, आणि सूत्र दुरुस्त करून दिलं. मी ते शेवटच्या ओळीपर्यंत ओढलं. सगळी गावं नीट सुटी झाली. त्यावरून गाडीचा रस्ता आखला.

काकू मागं उभी राहून बघत होती.

“बोरीला कुणाकडं निघालास?”

“बोरीच्या मावशीकडं.”

“तिचं माहेर बोरी. राहायलीय मानवतला, पोराजवळ. आमी बायका एकमेकीला माहेरच्या गावानंच हाक मारायचो. तुज्या त्या शहाण्याला एवढं बी म्हाईत न्हाई व्हय?”

बाकीच्या नोंदीही तशाच होत्या. राहतं गाव काढता येईल का, असं मी एआयला विचारलं. या मजकुरात ते नाही, विचारूनच भरावं लागेल, असं उत्तर आलं.

अनोळखी नंबर या बायका उचलत नाहीत. आईचा नंबर मी चालू ठेवला होता. त्याच फोनवरून बोरीच्या मावशीला लावला.

“जिंतूरचे, जिवंत हाईस व्हय गं?” मावशी हसत होती. “इतक्या दिसात एक फोन न्हाई. मी बी लावला न्हाई. म्हणलं, बघू हिला कवा आठवण येती.”

आईचं माहेर जिंतूर. ही हाक मी लहानपणी ऐकली होती, त्यानंतर आजच. मी कोण ते सांगितलं, मग बातमी सांगितली. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

मग तिनं विचारलं, “तिच्या फोनमधी माझं काय लिवलंय?”

“बोरीची.”

“तीच तेवढी म्हणायची. हितं मी सगळ्यांची आजी हाय.” वर्षश्राद्धाची तारीख सांगून आमंत्रणाला घरी येतो म्हणालो, तर म्हणाली, “तू नको येऊस बाबा. मीच येते, आदल्या दिशी मुक्कामाला.”

मी राहत्या गावाच्या रकान्यात मानवत लिहिलं आणि सेलूच्या मावशीचा नंबर लावला. माझ्या फोनवरून लावून बघता आला असता. आईच्याच फोनवरून लावला. पलीकडून उचलल्यावर मी लगेच बोललो नाही. ती आधी काय म्हणते, ते मला ऐकायचं होतं.