पुतळ्यांचा वर्ग

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी ताई बालवर्गाची शिक्षिका आहे. वयाने ती माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण वर्गातली पोरं ताई म्हणतात म्हणून सगळा जिना तिला ताईच म्हणतो. तिचा नवराही एकदा चारचौघांत चुकून म्हणून गेला. तो किस्सा मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

हा नवरा मला म्हणतो, "हिचं बरंय काका, पगार घेऊन खेळते." सासूबाई लगेच फोडणी घालतात, "आणि घरी येऊन ओरडते."

ओरडेल नाही तर काय. संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला टेकते तेव्हा कोपराला निळा रंग असतो, केसांत चिकणमाती असते आणि ओढणीला कुणीतरी नाक पुसलेलं असतं. पण खेळाच्या तासाचं विचारा, की बाईचा चेहरा बदलतो. वर्गाच्या मागच्या भिंतीशी पाण्याचं घमेलं, बाहुल्या आणि रिकामे डबे, एवढाच तो संसार. तिथे तिचा एक लाडका पोरगा आहे, सगळे त्याला बोका म्हणतात. गुबगुबीत, आणि तोंडाला कायमचं कुलूप. घरीही बोलायचा नाही म्हणे. एक दिवस बाहुलीला अंघोळ घालता घालता तो तिला म्हणाला, "डोळे मीट. साबण जाईल." ताईने हे मला इतक्यांदा सांगितलंय, की मी मधूनच वाक्य पुरं करतो. ती चिडते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.

तर या खेळाच्या तासावरच गदा आली. आईबापांना पोरांनी भराभर लिहायला हवं होतं. मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, ठरवलं की घमेलं बंद, त्या वेळात रेघा काढायच्या. ताई भांडली. शेवटी असं ठरलं, की संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघतील आणि काय ते सांगतील. ताई खूश. बोका बाहुलीला अंघोळ घालताना एकदा बघितला की अध्यक्ष विरघळणार, अशी तिची खात्री.

त्या दिवशी अध्यक्ष यायच्या जरा आधी कुणाचा तरी धक्का लागला आणि घमेलं उलटलं. फरशीभर पाणी, आणि पोरं त्यात नाचायच्या बेतात. ताई ओरडली, "पुतळा!"

हा तिचाच खेळ. पुतळा म्हटलं की जो जसा असेल तसा थिजायचा. ताई टाळी वाजवेपर्यंत हलायचं नाही, आणि कुणी हाक मारली, गुदगुल्या केल्या तरी बोलायचं नाही. पोरं थिजली. ताई फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली, आणि दारात मोठ्या बाई आणि अध्यक्ष.

"टाळी वाजवायची ना," मी ऐकता ऐकता मधेच म्हटलं.

"पाण्यात धावून चार जणांची डोकी फुटली असती, काका. तुम्हाला इथे बसून सगळं सुचतं."

अध्यक्ष देवळात आल्यासारखे हळूच आत आले. बोक्यापाशी वाकून म्हणाले, "नाव काय बाळा?" बोका बाहुली काखेत मारून गप्प. एका मुलीचं बोट नाकात होतं, ते नाकातच राहिलं. शेजारचा एका पायावर डुगडुगत होता, पण पाय टेकला नाही.

"काय शिस्त," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "आमच्या बैठकीत इतकी शांतता कधी नसते." आणि चवड्यांवरच बाहेर गेले. फरशी पुसून होईपर्यंत निकाल लागला होता. एवढी स्थिर मुलं लिहायला तयारच आहेत. खेळाचा तास बंद. वर बाकीच्या शिक्षिकांनी ताईकडून शिस्त शिकावी. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी त्या दिवसापासून तिला आपल्या डब्यातलं विचारणं सोडलं.

घमेलं माळ्यावर गेलं. पोरांपुढे पाट्या आल्या.

आज ती आली ती चहाला हातही न लावता बसून राहिली.

"आज काय?"

"रेघा. सगळी गप्प बसलेली. मला वाटलं, चला, लागली सवय. तर बोका ओठ न हलवता मला विचारतो, ताई, टाळी कधी?"

मी कप खाली ठेवला.

"त्यांना वाटतंय अजून तोच खेळ चाललाय, काका. मी सोडलंच नाही त्यांना."

"मग?"

"वाजवली टाळी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "अर्धी पोरं बाकांवर, अर्धी बाकांखाली. बोका घमेलं शोधत फिरतोय. तेवढ्यात मोठ्या बाई दारात. काय चाललंय म्हणून विचारलं. माझा हात वर होता, तो तसाच ठेवला."

"म्हणजे तू..."

"पुतळा. हसू नका. त्या विचारतायत, आणि मी बोलत नाही. बोलायचं नसतंच ना. मग बोका आला आणि माझ्यासमोर उभं राहून त्याने टाळी वाजवली."

हसू दाबताना मला ठसका लागला. तिला मात्र हसू येत नव्हतं.

"उद्या ऑफिसात बोलावलंय. काय सांगू त्यांना? बोक्याला अजून पेन्सिल मुठीत धरावी लागते. मूठ उघडत नाही त्याची. पाण्यात उघडायची."

ती उठली. गार झालेला चहा तिने उभ्याउभ्याच घोटभर घेतला आणि जिना उतरली. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सासूबाईंचा.

"आलीस खेळून?"