खंडेनवमीची पूजा आणि तीन नंबरची डिस्क

"आजी, तीन नंबरची डिस्क काढली आणि सगळंच लाल झालं!"

फोनवर सोपान होता. सोपान लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. मूळचा लातूरकडचा, आता राहायला रहाटणीत. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातल्या एका खोलीत स्टुडिओ.

"हात बाजूला घे," मी म्हटलं.

"घेतलाय की."

"स्क्रीनवर काय आहे?"

"नवीन स्टोरेज तयार करायचं का म्हणून विचारायलंय. हो म्हणू का?"

"हो म्हणालास तर तुझ्या डब्यातली सगळी लग्नं मोडतील. माउस सोड. खोलीतून बाहेर हो आणि दाराला कडी लाव. मी निघाले."

मी आयुष्यभर चिंचवडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर डिपार्टमेंटला होते. गाड्यांचे पार्ट बनवायची कंपनी. रिटायर झाल्यावर माझ्या मैत्रिणी गुडघे सांभाळायला लागल्या, मी लोकांच्या हार्ड डिस्क सांभाळायला लागले. दोन्ही बदलून मिळतात, पण डिस्क बदलताना मला आडवं व्हावं लागत नाही.

पिंपळे सौदागरहून रिक्षा केली आणि वाटेत विचार करत बसले. गोष्ट जमत नव्हती.

सोपानकडे जो डबा आहे त्याला हे लोक नॅस म्हणतात. घरातला स्टोरेज सर्व्हर. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा. आत चार हार्ड डिस्क, प्रत्येक आपापल्या ट्रेमध्ये, ड्रॉवरसारखी पुढून ओढता येते. चार कामगारांची एक शिफ्ट समजा. काम असं वाटून दिलेलं असतं, की एकाने दांडी मारली तरी उरलेले तिघं त्याचा वाटा ओढतात. माल थांबत नाही, फक्त थोडा हळू निघतो. दुसराही गेला की लाइन बंद.

आदल्या दिवशी सोपानची एक डिस्क मेली होती. डब्याने मेसेज पाठवला, तीन नंबरची डिस्क निकामी. गडी शहाणा. लगेच नवी डिस्क आणली, तीन नंबरचा ट्रे ओढला. इथपर्यंत सगळं बरोबर. मग लाइन बंद का पडली? मेलेला माणूस घरातून नेला म्हणून जिवंत माणसं मरत नाहीत.

दार सोपानच्या बायकोने उघडलं. सुरेखा तिचं नाव. सोपान गॅलरीत येरझाऱ्या घालत होता.

"आधी चहा टाक," मी सुरेखाला म्हटलं. "कप मोठे घे."

लोकांना वाटतं म्हातारी चहाला हपापलेली आहे. तसं आहेच, पण कारण दुसरंही आहे. हातात गरम कप असला की माणूस बटणं दाबत नाही. तरुणपणी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या मला लाल दिवा दिसला की मी दहा बटणं दाबायची, आणि साहेब आले की मान तिरकी करून म्हणायची, "सर, आय ॲम डायग्नोसिंग." साहेबांना वाटायचं, केवढी हुशार पोरगी! मलाही तसंच वाटायचं.

"आत कुणाकुणाची लग्नं आहेत?" मी विचारलं.

"बाकीच्यांची दिली सगळी. म्हाळुंग्याच्या तात्यांच्या पोरीचं तेवढं राहिलंय."

"कधीचं?"

सोपानने कपात बघितलं. "मे महिन्यातलं."

"आणि आता दिवाळी आली!"

"सीझन लई होता, आजी. एडिटिंग अर्धं झालंय."

"कॅमेऱ्यांची कार्डं?"

"ती पुसून पुढच्या लग्नाला वापरली."

"दुसरी कॉपी कुठे आहे?"

"ह्या डब्यात चार डिस्क हायत की. तुमीच म्हणलाव, एक गेली तर काय बी होत न्हाई."

"ती स्टेपनी झाली, बाळा. बॅकअप म्हणजे दुसरी गाडी."

म्हणजे तात्यांच्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नाचं सगळं चित्रण जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण लाल दिवे लावून बसलं होतं. फोटो पुन्हा काढता येतात. लग्न पुन्हा कसं लावायचं?

तेवढ्यात सोपानचा फोन वाजला. तात्याच. त्याने घाबरून स्पीकरच चालू केला.

"काय सोपानराव! पिच्चर कुठवर आला?"

"चालू हाय काम, तात्या."

"मागल्या टायमाला बी चालूच हाय म्हनला व्हता. तुमचं बंद काय हाय ते सांगा की एकदा."

सोपानने माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बोट केलं. तो बिचारा हसलाही नाही.

"आवो, पाडव्याला जावई येतोय. पयली दिवाळी त्याची. अंगनात मोठा पडदा लावनार हाय, भावकीला आवतान गेलंय. आमची लाज राखा म्हंजे झालं."

"व्हय तात्या. राखतो."

फोन ठेवल्यावर सोपान खालीच बसला. "आजी, ह्यो माणूस मला म्हाळुंग्यात पाय ठेवू देणार न्हाई. चाकणकडची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीतली हायत. माझं दुकान बंद झालं बगा."

"चहा पी," मी म्हटलं, आणि कामाला लागले.

पहिली गोष्ट, त्याने काढलेली डिस्क हातात घेतली. प्रत्येक डिस्कच्या अंगावर कारखान्यातून येतानाच एक सीरियल नंबर छापलेला असतो. तिचं आधार कार्डच म्हणा. दोन डिस्कचा नंबर कधी सारखा नसतो. आणि कुठली डिस्क मेली हे सांगताना डबा स्क्रीनवर तोही नंबर दाखवतो, फक्त बारीक अक्षरात. म्हणून कुणी वाचत नाही.

"मेसेजमधला नंबर वाच," मी सोपानला सांगितलं. तो वाचत गेला, मी हातातल्या डिस्कवर बोट फिरवत गेले. तिसऱ्याच अक्षराला गाडी रुळावरून घसरली.

"पुन्हा वाच."

पुन्हा तेच.

"सोपान, तू जिवंत गडी बाहेर काढलास. मेलेला अजून आतच बसलाय."

"कसं काय? तीन नंबर तीनच हाय! हे बघा की स्टिकर."

ट्रेवर खरंच ठसठशीत ३ होता. लग्नाच्या पेन ड्राइव्हवर नावं चिकटवतो तसले स्टिकर त्याने चारही ट्रेंवर स्वतः लावले होते. मी डिस्क उलटी केली. मागच्या बाजूला लाल ठिपका होता, आणि ट्रेच्या फटीत झेंडूची एक सुकलेली पाकळी.

"हे काय?" मी विचारलं.

सोपानने सुरेखाकडे बघितलं.

"कुंकू हाय," सुरेखा म्हणाली. "नवमीला पूजा केली की. तुमीच म्हणलाव ना, मी ऑर्डरीवर चाललोय, मशीनची पूजा तू कर म्हणून."

आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला पूजा कशाची होत नाही ते विचारा. लेथची होते, प्रेसची होते, कंपनीच्या बसची होते, आणि बसखालच्या जॅकचीही होते. सुरेखाने कॅमेरे मांडले, ड्रोन मांडला, ट्रायपॉड मांडला. मग डबा.

"डब्याला वरून कुंकू लावायचं होतंस," सोपान म्हणाला.

"आन् आतल्यांनी काय पाप केलंय? राबायलेत ते चौघं. वरच्या पत्र्याला कुंकू लावायचं आन् राबणाऱ्याला न्हाई, बरं दिसतं का ते?"

मुद्दा बरोबर होता.

"डबा बंद केला होतास ना?" मी विचारलं.

"प्लग काढूनच केलं सगळं. तेवढं कळतंय मला."

"मग चौघांना बाहेर काढून पाटावर ठेवलंस."

"हाव. ओळीनं."

"आणि परत घालताना?"

"हाताला येतील तशी घातली. चारी सारखीच तर दिसतात."

झालं, उलगडलं. हे डबे डिस्क ओळखतात ते तिच्यातल्या खुणेवरून. कुठल्या जागेवर बसवली याने त्यांना फरक पडत नाही. त्यामुळे पूजेनंतर डबा निमूट चालू झाला आणि कुणाला काही कळलं नाही. पण डबा "तीन" म्हणतो तो जागेला. डावीकडून तिसरी जागा. सोपानचा स्टिकर ट्रेला होता, आणि ट्रे फिरला होता. तीनचा स्टिकर पहिल्या जागेवर जाऊन बसला होता. एक मेलेली, एक सोपानने काढलेली. चारातले दोन गेले, लाइन बंद.

सोपानचा आवाज चढला. "तुला कुणी सांगितलं व्हतं गं..."

"तूच सांगितलं होतंस," मी म्हटलं. "आत्ताच सिद्ध झालंय. पुढे बोल."

सुरेखाचे डोळे भरले होते. "आजी, पूजेनं गेली का ती डिस्क?"

"नाही गं. तिचं वय झालं होतं. हळदकुंकवाने डिस्क मरत नाही. फक्त मेल्यावर सापडत नाही."

तरुणपणीची मी असते ना, तर हिला तासभर झापलं असतं. कंपनीत सर्व्हर रूम माझ्या ताब्यात होती. एका नवमीला शॉप फ्लोअरवरचे कामगार सर्व्हरला हार घालायला आले, तर दारात उभी राहून मी त्यांना सायन्टिफिक टेंपरवर इंग्रजीतून भाषण दिलं. ते बिचारे हार दाराच्या कडीला अडकवून गेले. आणि स्वतः मी काय करत होते? चपला बाहेर काढायच्या, आत कुणी शिवायचं नाही, मी दार उघडेन तेव्हाच दर्शन. गाभाराच होता तो. पुजारीण मी. फक्त प्रसाद देत नव्हते.

असो. आता खरं काम.

"सोपान, आठवून सांग. ट्रे ओढल्यावर डब्यात काही टाकलंस? कॉपी, सेव्ह, काहीही?"

"न्हाई. लाल झालं की तुमाला फोन."

हे एक वाक्य ऐकलं आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मधल्या वेळात काही लिहिलं गेलं असतं, तर बाहेर गेलेल्या डिस्कला ते ठाऊक नसतं आणि तिघांचं एकमेकांशी जुळलं नसतं. काही लिहिलं नव्हतं, म्हणजे तिघांच्या डोक्यात अजून एकच हिशेब होता.

डबा रीतसर बंद केला. मेलेली डिस्क काढून टेबलावर ठेवली. निरोगी डिस्क कोरड्या कापडाने पुसून तिच्या जागी परत बसवली. सोपान नवी डिस्कही पुढे करायला लागला.

"ती नको अजून."

डबा चालू केला. तिन्ही डिस्क त्याला दिसल्या, पण तो काही मान्य करेना. डबे मानी असतात. मध्येच उठून गेलेल्याला पुन्हा पंगतीला घेत नाहीत. अशा वेळी त्याला हुकूम द्यावा लागतो, की हे तिघं तुझेच आहेत, जुळवून घे. हुकूम एका ओळीचा असतो. त्यात एक अक्षर चुकलं तर जुळण्याऐवजी पुसलं जातं. मी तो टाइप केला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. सोपानला मोठ्याने वाचायला लावला. मग एंटर.

डबा घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला. सुरेखाने हात जोडले. खरं सांगते, मीही जोडले. सायन्टिफिक टेंपर त्या वेळी चहा पीत होतं.

फोल्डर उघडलं.

सोपानने एक क्लिप लावली. हळदीची होती. पिवळ्या तोंडाची पोरगी खदखदा हसत होती आणि मागून तात्यांचा आवाज येत होता, "आरं, त्या कॅमेऱ्यावाल्याला च्या द्या कुनीतरी!" सोपान मटकन खुर्चीत बसला आणि हसायला लागला. थांबेचना. मग सुरेखाही. मी माझा रिकामा कप पुन्हा सुरेखापुढे केला.

"आता नवी घालू?" सोपान उठला.

"नाही. आधी लग्न बाहेर काढ."

नवी डिस्क घातली की डबा रीबिल्ड करतो. म्हणजे उरलेले तिघं नव्या गड्याला जुन्याचं सगळं काम शिकवतात, एक अक्षर न गाळता, न थांबता. हे तिघं एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेले, मेलेल्याच्याच वयाचे. त्या दमछाकीत त्यांच्यातला अजून एक बसू शकतो. म्हणून आधी तात्यांचं लग्न बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी केलं, चार-पाच ठिकाणी उघडून बघितलं, तो ड्राइव्ह माझ्या पिशवीत टाकला. मगच नवी डिस्क तिसऱ्या जागी बसवली. ट्रेवरचे स्टिकर सोलून काढले आणि जागांचे नंबर डब्याच्या अंगावर मार्करने लिहिले. प्रत्येक ट्रेवर आतल्या डिस्कच्या सीरियल नंबरची शेवटची अक्षरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोपानचा फोन आला. "चारी हिरवे, आजी!" मागून सुरेखाचा आवाज आला, "पेढे ठेवलेत म्हणावं."

पाडव्याला तात्यांनी मलाही बोलावलं. सोपानने ओळख करून दिली, "आमच्या कॉम्प्युटरच्या आजी." बाकी काही सांगितलं नाही. मीच बजावलं होतं. अंगणात मोठा पडदा, समोर अख्खी भावकी, पुढच्या खुर्चीत जावई अवघडून बसलेला. सिनेमा सुरू झाला. हळदीला सगळे हसले, पाठवणीला सगळ्या बायका पुन्हा एकदा रडल्या.

संपल्यावर तात्या आमच्याकडे आले. सोपान उठून उभा राहिला.

"झाक झालाय पिच्चर," तात्या म्हणाले. मग जवळ सरकून, आवाज खाली आणून, "पन पोरीच्या मामाला लई कमी दाखवलाय राव तुमी. त्यो रुसून बसलाय तिकडं."

सोपानने माझ्याकडे बघितलं. मी करंजीकडे.

डिस्क ओढण्याआधी तिच्या अंगावरचा नंबर वाचावा आणि महत्त्वाच्या गोष्टीची कॉपी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, हे तर मी सगळ्यांना सांगतेच. पण आमच्या कामाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी. ते बिघडलं तर गावभर कळतं. नीट झालं तर मामाची तक्रार येते. ती मान खाली घालून ऐकून घ्यावी. मामा रुसलाय, म्हणजे डेटा शाबूत आहे.