एकशेवीसमधले वीस

माझ्या ताईला बटणांचं वेड आहे असं कुणी म्हटलं की ती चिडते. "वेड कसलं? ओळख आहे," म्हणते. ही ओळख केवढी, तर कुणी अनोळखी माणसाने कोटाच्या बटणाचा फोटो पाठवावा, हिने डोळे बारीक करून दोन क्षण बघावं आणि उठून नेमका तोच खण उघडावा. आम्हा बाकीच्यांना ती सगळी तपकिरी बटणं सारखीच दिसायची. तिला त्यांत सतरा तपकिरी रंग दिसायचे.

सव्वीस वर्षं ती एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करत होती. दुकान बंद झालं तेव्हा मालकाकडे तिला द्यायला पैसे नव्हते. त्याने सगळा बटणांचा साठा तिच्या हवाली केला आणि हात जोडले. दुसरी कुणी असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. ताईने लॉन्ड्रीच्या वरची एक खोली महिना दीड हजाराने भाड्याने घेतली, भिंतीला खणांचं कपाट लावलं आणि रंग, आकार, भोकं यांनुसार बटणं लावायला सुरुवात केली. माझ्या मुलीने तिला इंटरनेटवर दुकान उघडून दिलं. "हरवलेल्या बटणाचा फोटो पाठवा, जोडीदार शोधून देते," असं ताईने तिथे लिहिलं होतं. दहा बटणांचं पाकीट एकशेवीसला.

आता माझ्याबद्दल. मी विक्रीकर कार्यालयात तीस वर्षं खिडकीवर बसलो. समोरच्याचा फॉर्म उलटापालटा बघायचा, चूक शोधायची आणि "परत आणा" म्हणायचं, हे माझं काम. बाहेर बसणारे टायपिस्ट मला परतसाहेब म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि मूर्ख प्रश्नांवर तो आधी येतो, अशी माझी ख्याती होती. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, ख्याती तेवढी घरी घेऊन आलो.

ताईचं दुकान सुरू होऊन तीन महिने झाले होते. एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. बायको, मुलगी, जावई, सगळे टेबलाभोवती. ताईने पिशवीतून एक वही काढली, चष्मा लावला आणि मला विचारलं, "धाकट्या, मी साइटवर एकशेवीस किंमत लिहिते. गिऱ्हाईक एकशेवीसच देतं. शंभरावर वीस कर म्हणतात. मग हा कर माझ्या एकशेवीसच्या आत असतो की बाहेर?"

मी म्हणालो, "ताई, कर म्हणजे काय मांजर आहे का, आत आहे की बाहेर बघायला?"

सगळे हसले. जावई तर ठसका लागेपर्यंत हसला, म्हणून मला आणखी चेव आला. "फॉर्ममध्ये तुझी विक्री भर. बाकीचा हिशोब फॉर्मच करतो. तुला डोकं चालवायला कुणी सांगितलंय?"

ताईही हसली. वही मिटून तिने पिशवीत ठेवली आणि मुलीला म्हणाली, "वाढ गं थोडा भात." त्यानंतर तिने मला कराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला वाटलं, समजलं असेल.

पुढची चार वर्षं ती खोली मी फार तर सहा-सात वेळा पाहिली असेन. गेलो की ती स्टुलावर बसलेली असायची, समोर पाकिटं, बाजूला पोस्टाची पोतडी. खालच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर यायची. दिवसाला बारा-तेरा पाकिटं जात होती. लोक तिला पत्रं लिहायचे. एका बाईंनी लिहिलं होतं की नवऱ्याच्या शेवटच्या सदऱ्याचं बटण तुमच्यामुळे मिळालं, आता तो सदरा मी घालते. ते पत्र ताईने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं.

पण दर वेळी ती म्हणायची, "कष्टाला तोटा नाही रे, पण हातात काही राहत नाही." मी म्हणायचो, "धंदा म्हणजे नोकरी नव्हे, ताई." हे वाक्य मी असं म्हणायचो जणू मी दहा धंदे करून बसलोय. एकदाही मी म्हणालो नाही की दाखव बघू वही. तिनेही दाखवली नाही. दाखवणार कशी?

चौथ्या वर्षी साइटवाल्यांनी आपलं कमिशन वाढवलं. ताईने दोन महिन्यांचं भाडं साठवणीतून भरलं, तिसऱ्या महिन्याला मला फोन केला. "मी बंद करतेय. मला नाही जमत धंदा. शिवणारीने शिवावं."

साठा घ्यायला एक ठोक व्यापारी आला, त्या दिवशी मी मदतीला गेलो होतो. त्याने किलोवर भाव केला. मग त्याच्या माणसांनी एकेक खण ओढून सरळ पोत्यात उलटा केला. शिंपल्याची, लाकडाची, शिंगाची, कोटाची, बाळांच्या झबल्यांची, सगळी एकाच पोत्यात. चार वर्षांची लावालाव पाऊण तासात मोडली. ताई दारात उभी होती. एकदाच म्हणाली, "अहो, निदान रंग तरी वेगळे..." व्यापाऱ्याला ऐकू आलं नसावं. मला आलं होतं.

नोंदणी रद्द करायची तर शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं. ते मी करतो, असं मी मोठ्या मनाने म्हणालो आणि तिच्या चारही वह्या घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत पहिली वही उघडली. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. उजव्या हाताला वर्षाची विक्री, खाली भरलेला कर. मी सवयीने पेन्सिल घेऊन चूक शोधायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीवर थांबलो. हा कर फार होता.

गोष्ट साधी आहे. गिऱ्हाइकाने दिलेल्या एकशेवीसमध्ये शंभर ताईचे आणि वीस सरकारचे. म्हणजे आलेल्या पैशाला सहाने भागायचं, की कर निघाला. फॉर्ममध्ये विक्री म्हणून भरायचे ते शंभर. ताईने भरले होते एकशेवीस. फॉर्म बिचारा त्यावर आणखी वीस टक्के धरून चोवीस काढत होता. दर पाकिटामागे चार जास्त. कर आत आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विक्री भर, डोकं चालवू नकोस, एवढंच सांगितलं होतं. तिने माझा शब्द तंतोतंत पाळला होता.

आणि कार्यालयातून तिला एकही चिठ्ठी आली नाही, कारण तिथे कमी भरणाऱ्याला शोधतात. जास्त भरणाऱ्याचा फॉर्म खिडकीवरून कुणी परत करत नाही. मीही तीस वर्षांत एकही केला नव्हता.

शेवटच्या पूर्ण वर्षाची विक्री पाच लाख चाळीस हजार. कर हवा होता नव्वद हजार. भरला होता एक लाख आठ हजार. अठरा हजार जास्त. मी पुन्हा भागून पाहिलं, मग कॅल्क्युलेटरवर पाहिलं, मग बायकोला करायला लावलं. तेवढेच आले. तिने कागदाकडे बघून विचारलं, "वन्संच्या खोलीचं भाडं किती होतं हो?" दीड हजार महिना. बाराने गुणायची हिंमत मला झाली नाही, तिनेच गुणलं.

दुपारी मी ताईकडे गेलो. परतावा मागता येतो, पण मागच्या दोनच वर्षांचा, त्याआधीचं बुडालं, वगैरे सगळं भराभर सांगून टाकलं. परताव्याचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला, सही कुठे करायची तिथे फुली मारून आणली होती. तिने फॉर्मकडे बघितलंही नाही.

"म्हणजे कर आत होता," ती म्हणाली.

"हो."

"मग माझं दुकान चालत होतं?"

"चालत होतं, ताई."

"शेवटच्या वर्षीसुद्धा?"

"शेवटच्या वर्षीसुद्धा. भाडं निघत होतं."

तिने फॉर्म बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं रे." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाचं मला कळतं. "सगळे हसले तेव्हा वाटलं, हे इतकं सोपं असणार की विचारण्यातच लाज आहे. मग पुन्हा कुणालाच नाही विचारलं. धंदा आपल्याला जमत नाही म्हणून चार वर्षं स्वतःलाच बोल लावत राहिले."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साइटवर दुकान अजून पुसलं गेलं नव्हतं. कुणीतरी फोटो पाठवला होता, हिरवट रंगाचं चार भोकांचं बटण. ताईने डोळे बारीक केले आणि खुर्चीतून अर्धी उठली.

"तिसरी रांग, खालून दुसरा खण," ती म्हणाली. मग तशीच खाली बसली आणि फोन माझ्या हातात दिला. "नाही म्हणून कळव."

मी लिहिलं, "माफ करा, आता मिळणार नाही." त्या अनोळखी माणसाला ते लगेच पाठवलं. ताईला यातले पहिले दोन शब्द मी अजून म्हटलेले नाहीत.